आरोळीचा कारखाना

चीअरलीडर म्हटलं की आपल्याकडे २००८ पासूनचं आयपीएल आठवतं. पण हा प्रकार जिथे जन्मला, त्या अमेरिकन कॉलेजांत पहिली पन्नासेक वर्षं हे काम बहुतेक पुरुषांचंच होतं. १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात जॉनी कॅम्पबेल हा विद्यार्थी प्रेक्षकांपुढे उभा राहिला आणि सगळ्यांकडून एका सुरात आरोळ्या वदवून घेऊ लागला. पुढे या पदाला मोठाच मान आला. नंतर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला आयझेनहॉवर, गुडघा दुखावल्यामुळे फुटबॉल सुटल्यावर, वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत हेच काम करत होता.

मिनेसोटात १९२३ पासूनच मुली या पथकात होत्या, पण चित्र खरं पालटलं ते दुसऱ्या महायुद्धात. मुलगे आघाडीवर गेले, मोकळ्या जागा मुलींनी भरल्या. युद्ध संपल्यावर काही मुलगे परतलेही, पण मैदानाची कड हळूहळू मुलींचीच झाली. गंमत अशी, की काल जे नेतृत्व होतं ते आता नुसतं नटणंमुरडणं ठरलं.

याच वळणावर लॉरेन्स हर्किमर उभा होता. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा हा चीअरलीडर. एक पाय सरळ, दुसरा गुडघ्यात मागे दुमडलेला, अशी त्याची उडी आजही ‘हर्की’ म्हणून शिकवतात. खरं तर त्याला दोन्ही पाय ताणायचे होते, ते जमलं नाही! १९४८ साली टेक्सासमधल्या हंट्सव्हिलच्या कॉलेजात त्याने पहिलं शिबिर भरवलं, तेव्हा ५२ मुली आल्या आणि मुलगा एकच. त्याच वर्षी त्याने राष्ट्रीय संघटना काढली. मग शिबिरांपाठोपाठ गणवेश, बिल्ले, कागदी पट्ट्यांचे पॉमपॉम यांची विक्री. हातातली मूठ दिसू नये अशा बेताच्या पॉमपॉमचं पेटंट त्याला १९७१ मध्ये मिळालं. आरोळीचा असा रीतसर धंदा झाला. मला तो माणूस पक्का व्यापारी वाटतो. पण मुली इथे घाम गाळून काही शिकायला येतात, हे त्याने इतर अनेकांच्या आधी ओळखलं होतं, हेही खरं.

शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेद नको, असा कायदा अमेरिकेत १९७२ साली झाला आणि मुलींसाठी खेळांचे दरवाजे उघडले. चीअरलीडिंगला मात्र त्या दारातून सहज प्रवेश मिळाला नाही. एका विद्यापीठाने मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करून त्याऐवजी चीअरलीडिंगचं पथक उभं करायचं ठरवलं, तेव्हा व्हॉलीबॉलच्या खेळाडू न्यायालयात गेल्या. २०१० मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला, की त्या कायद्याच्या हिशेबात हे पथक खेळ म्हणून धरता येणार नाही.