अकरावीला ‘आयटी’ घेताना

दहावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत हप्ते बाजूला राहतात आणि पोरींच्या प्रवेशाचीच चर्चा चालते. एक म्हणते, “माझी कॉम्प्युटर घेणार म्हणतेय.” दुसरी म्हणते, “आमचीचं एमएससीआयटी झालंय, मग आणखी काय कॉम्प्युटर?” तिसरी गप्प असते, कारण तिला वाटतं यातलं आपल्याला काय कळतंय. आजचं बोलणं त्या तिसरीसाठी आहे.

‘कॉम्प्युटर’ म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो. एमएससीआयटी हा काही महिन्यांचा कोर्स आहे, 2001 पासून चालू आहे. त्यात कॉम्प्युटर वापरायला शिकवतात. अर्ज टाइप करणं, तक्ता करणं, ईमेल पाठवणं. पुष्कळ सरकारी नोकऱ्यांना हे प्रमाणपत्र मागतात. पण तो बारावीचा विषय नाही. दुसरी गोष्ट म्हणजे अकरावी-बारावीला घेता येणारा ‘माहिती तंत्रज्ञान’ हा विषय. त्यालाच पोरं आयटी म्हणतात. हा 100 मार्कांचा असतो आणि कला, वाणिज्य, विज्ञान तिन्ही शाखांना घेता येतो. बऱ्याच ठिकाणी पोरं दुसऱ्या भाषेऐवजी, म्हणजे मराठी किंवा हिंदी सोडून, तो घेतात. तिसरी म्हणजे विज्ञान शाखेतला बायफोकल ‘कॉम्प्युटर सायन्स’. तो 200 मार्कांचा, त्यामुळे दुसरी भाषा आणि आणखी एक विषय अशा दोघांची जागा घेतो. नावं सारखी वाटली तरी तिन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत.

आता आयटीत शिकवतात काय? एक उदाहरण आपल्या गटाच्या वहीचंच घेऊ. वहीत सभासदाचं नाव, बचत, कर्ज, फेडलेला हप्ता असे रकाने असतात. गटात दोन मंगल असल्या तर हप्ता कुठल्या मंगलच्या नावावर टाकायचा? म्हणून आपण सभासद क्रमांक देतो. नाव सारखं असलं तरी क्रमांक एकीचाच. पोरगी अकरावीला डेटाबेस शिकते तेव्हा हेच शिकते. माहिती रकान्यांत कशी मांडायची, प्रत्येक ओळीला एक न बदलणारा क्रमांक का द्यायचा आणि मग कॉम्प्युटरला विचारायचं, “ज्यांचे तीन हप्ते थकलेत त्यांची यादी दे.” बँकेत साहेब आपला खाते क्रमांक टाकतात आणि सगळं पडद्यावर येतं, त्याच्या मुळाशी हीच मांडणी असते. वही नीट लिहिणाऱ्या बाईला डेटाबेस अवघड नाही, हे मी गमतीनं म्हणत नाही.

दुसरा मोठा भाग वेबपेज तयार करण्याचा. त्यासाठी एचटीएमएल वापरतात. लग्नपत्रिका छापायला देताना आपण प्रेसवाल्याला सांगतो ना, वर गणपती, मधे नावं मोठ्या अक्षरात, खाली निमंत्रक? तशाच सूचना इथे ठरलेल्या खुणांनी कॉम्प्युटरला द्यायच्या असतात. त्या खुणांना टॅग म्हणतात. टॅग इंग्रजीत असतात, पण थोडेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. इंग्रजीच्या भीतीनं पोरीला मागे ओढू नका. शिवाय सायबर कायदा असतो. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 सालचा आहे. तो धडा पोरगी वाचत असेल तेव्हा शेजारी बसा. ओटीपी मागून कुणी पैसे काढले तर 1930 या नंबरवर लगेच फोन करायचा, हे घरात सगळ्यांना पाठ हवं. बारावीला शाखेप्रमाणे फरक पडतो. वाणिज्यवाल्यांना जीएसटीसह कॉम्प्युटरवरचा हिशेब येतो, विज्ञानवाल्यांना पुढचं प्रोग्रामिंग.

बारावीची बोर्डाची आयटीची परीक्षा कागदावर होत नाही. 80 मार्कांचा पेपर कॉम्प्युटरवर बसून द्यायचा असतो आणि 20 मार्कांचं प्रात्यक्षिक. त्यामुळे माऊसला हात न लावता, नुसती वहीत प्रोग्रामची नक्कल करून शिकलेली पोरगी त्या दिवशी गांगरते. प्रवेशाच्या वेळी कॉलेजची इमारत बघू नका, लॅब बघा. किती कॉम्प्युटर चालू आहेत, एकावर किती पोरं बसतात, आठवड्यात किती तास मिळतात, वीज गेली तर काय करतात, हे तिथेच उभं राहून विचारा. आपल्याला उत्तर द्यायला त्यांनी लाजू नये. बरेचदा या विषयाची फी वेगळी घेतात. ती विचारून घ्या आणि पावतीशिवाय देऊ नका.

आणि आता सगळ्यात जपायची गोष्ट. आयटी घेतलं म्हणजे पोरगी कॉम्प्युटर इंजिनिअर होणार, असं नाही. इंजिनिअरिंगच्या पदवीला बारावी विज्ञानमध्ये भौतिकशास्त्र आणि गणित लागतं, आणि सीईटी. आयटी त्या गणिताची जागा घेत नाही. “गणित जड जातंय, सोडते आणि आयटी घेते,” असं पोरगी म्हणाली तर तिच्यावर ओरडू नका, पण कुठलं दार बंद होतंय ते तिला सहीच्या आधी सांगा. बारावी झाल्यावर ते उघडायचं तर नव्यानं गणिताची परीक्षा द्यावी लागते, आणि तोवर आपल्याकडे स्थळं यायला लागलेली असतात. सगळी दारं मात्र बंद होत नाहीत. बीसीएला कला-वाणिज्यवाल्या मुलीही जातात. 2024 पासून आपल्या राज्यात त्यासाठीही सीईटी आहे, तिचा अर्ज बारावीच्या वर्षातच भरायचा असतो. दहावीनंतर थेट तीन वर्षांचा कॉम्प्युटरचा डिप्लोमाही आहे. ज्या मुलीला लवकर कमवायचंय तिच्यासाठी मला तो अकरावीपेक्षा बरा वाटतो, तंत्रनिकेतन एसटीच्या टप्प्यात असेल तर.

2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन होतात. पसंतीक्रम भरताना सायबर कॅफेवाल्या दादावर सोडू नका. त्यानं घाईत भलतंच कॉलेज वर टाकलं तर पहिल्या पसंतीला तेच मिळतं, आणि मग ते नाकारणं महागात पडतं. पोरीनं यादी घरून कागदावर लिहून न्यावी. अर्ज पाठवण्याआधी दोघींनी ती पडद्याशी ताडून बघावी.

पैशाचंही सांगते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घटकातल्या ज्या मुलींच्या घरचं वर्षाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 2024-25 पासून राज्य सरकारनं पूर्ण माफ केलंय. प्रवेश मात्र सरकारी प्रवेशफेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी शिष्यवृत्तीच्या वेगळ्या योजना आहेत. यासाठी उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला लागतो. निकालानंतर सेतूत रांग लागते, म्हणून पोरगी बारावीत असतानाच, दिवाळीच्या सुट्टीत, कागदपत्रं तयार करून ठेवा. उत्पन्नाच्या दाखल्यावर तो कधीपर्यंत चालतो ते लिहिलेलं असतं. ती तारीख वाचून घ्या.