इंग्रजीतून स्वतःची ओळख

महाराष्ट्रात सन २००० पासून इंग्रजी हा विषय इयत्ता पहिलीपासून शिकविला जातो. त्याचा प्रारंभ बहुधा स्वतःची ओळख करून देण्याने होतो. 'व्हॉट इज युअर नेम?' असे विचारताच सारा वर्ग एका सुरात उत्तर देतो. परंतु तोच प्रश्न 'हू आर यू?' अशा शब्दांत आला की तीच मुले गप्प बसतात. वाक्य पाठ झालेले असते. त्यातून आपण स्वतःविषयी काही सांगत आहोत, ही जाणीव मात्र झालेली नसते. ती करून देणे हेच या पाठाचे खरे प्रयोजन होय.

मुलांच्या चुका बहुतांशी मातृभाषेच्या वळणातून येतात. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. म्हणून मूल 'माय नेम गोविंद इज' असे म्हणते. मराठीत 'मी गोविंद' एवढे पुरते. इंग्रजीत मात्र 'आय अ‍ॅम गोविंद' असेच म्हणावे लागते. 'मायसेल्फ गोविंद' हा प्रयोग मोठ्यांच्याही तोंडी ऐकू येतो, तो टाळावा. 'मला दोन भाऊ आहेत' याचे शब्दशः भाषांतर न करता 'आय हॅव टू ब्रदर्स' हे वाक्य सबंध शिकवावे. वय सांगताना विशेष लक्ष द्यावे. इंग्रजीत पूर्ण झालेली वर्षे सांगतात. तेव्हा ज्यास आठवे वर्ष लागले आहे, त्याने 'आय अ‍ॅम सेव्हन' असे म्हणावयाचे असते.

नाव, वय, गाव व भावंडे यांविषयीची चार वाक्ये प्रारंभी पुरेशी आहेत. प्रथम शिक्षकाने स्वतःची खरी ओळख करून द्यावी. ज्याचे नाव आपण रोज हजेरीत पुकारतो, त्यालाच ते विचारणे मुलास कृत्रिम वाटते. यास्तव एका मुलाचे डोळे बांधावेत, दुसऱ्याने त्याच्या मागे उभे राहावे, आणि पहिल्याने 'हू आर यू?' असे विचारावे. येथे उत्तराची खरोखरच गरज असते. द्विशिक्षकी शाळेत दोन वर्गांची मुले एकमेकांसमोर बसवूनही हे साधते.

गुरुजींना किंवा बाईंना 'यू' म्हणण्यास मुले कचरतात. इंग्रजीत 'तू', 'तुम्ही' व 'आपण' या तिहींसाठी हा एकच शब्द आहे, त्यात अनादर नाही, हे त्यांना समजावून सांगावे.

ज्यांच्या घरी गोंडी, कोरकू किंवा भिली बोलली जाते, त्यांच्यापुढे मराठीबरोबरच इंग्रजीही नवीन असते. त्यांना अधिक वेळ द्यावा. बोलणाऱ्याला मध्येच अडवू नये. त्याचे बोलणे संपल्यावर शिक्षकाने तेच वाक्य शुद्ध रूपात सहज उच्चारावे. मुलाचे नाव मात्र घरी उच्चारतात तसेच उच्चारावे. इंग्रजी वाक्यातही ते नाव त्याचे स्वतःचेच राहिले पाहिजे.