माईक-भोंग्याच्या धंद्यातील हिशेब

लग्नाचा मांडव, कव्वालीची मैफल, मुशायरा, दीनी जलसा, मशिदीतील खुतबा, या प्रत्येक ठिकाणी माईक लागतो आणि माईकबरोबर तो लावणारा कारीगरही लागतो. आपल्या समाजातील अनेक तरुण या धंद्यात आहेत. कोणी भाड्याने साऊंड देतो, कोणी दुरुस्ती करतो, कोणी मशिदीची फिटिंग घेतो. बहुतेकांनी हे काम उस्तादाच्या हाताखाली राहून शिकलेले असते. हात तयार असतो, पण आवाजाचा हिशेब कोणी शिकवलेला नसतो. त्यामुळे गिऱ्हाईक "आवाज वाढवा" म्हणाले की मोठे मशीन आणायचे, एवढाच इलाज ठाऊक असतो. त्यात भांडवल अडकते आणि तक्रार तशीच राहते. म्हणून हा हिशेब येथे थोडक्यात मांडत आहोत.

वॅट दुप्पट, आवाज दुप्पट नव्हे

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. १०० वॅटच्या जागी २०० वॅटचे मशीन लावले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. हा फरक कानाला जेमतेम कळतो. आवाज दुप्पट वाटायचा असेल तर सुमारे १० डेसिबल वाढ लागते, म्हणजे १०० वॅटच्या जागी १००० वॅट. उलट मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून ४ मीटरवर बसलेला माणूस आणि ३२ मीटरवर बसलेला माणूस यांच्यात तब्बल १८ डेसिबलचा फरक पडतो. पुढच्याचे कान फुटतात आणि मागचा म्हणतो, "काही ऐकू येत नाही."

यावर उपाय मोठ्या मशीनचा नाही. आवाज वाटून द्यावा. मैदानाच्या मध्यावर दोन लहान बॉक्स लावले तर पुढचा आवाज कमी ठेवूनही मागे शब्द पोहोचतो. मात्र एक काळजी घ्यावी. आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ मीटरवरच्या बॉक्सपर्यंत स्टेजचा आवाज पोहोचायला एक दशांश सेकंद लागतो, तर तारेतून तो तत्काळ येतो. तेथे बसलेल्याला एकच शब्द दोनदा ऐकू येतो. डिजिटल मिक्सरमध्ये डिलेची सोय असते. ३४ मीटरसाठी १०० मिलिसेकंद आणि वर आणखी १०-१५ मिलिसेकंद द्यावेत. मग बॉक्स बाजूला असूनही बोलणारा समोरूनच बोलतो आहे असे वाटते. कानाचा हा गुण हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली दाखवून दिला.

मशिदीत आवाज का घुमतो?

"जुम्याला खुतबा नीट ऐकू येतो, पण इतर दिवशी बयान कळत नाही, मशीन बिघडले आहे," अशी तक्रार ट्रस्टी मंडळी नेहमी करतात. मशीन बहुधा ठीक असते. दोष फरशी, प्लॅस्टर आणि घुमटाचा असतो.

समजा, हॉल २० मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि ६ मीटर उंच आहे. त्याचे घनफळ १८०० घनमीटर. फरशी आणि रंगवलेल्या भिंती आवाज फारच कमी शोषतात. अशा हॉलमध्ये सगळे मिळून जेमतेम ५० चौरस मीटरइतके शोषण होते. हार्वर्डचे प्राध्यापक वॉलेस सॅबिन यांनी शंभर वर्षांपूर्वी दिलेल्या सूत्राप्रमाणे घनफळाला ०.१६१ ने गुणून शोषणाने भागले की आवाज विरायला लागणारा वेळ निघतो. येथे तो जवळजवळ ६ सेकंद येतो. एक शब्द विरण्यापूर्वी पुढचे दहा-बारा शब्द त्याच्यावर येऊन पडतात. जुम्याला २०० नमाजी बसले की त्यांचे कपडे आणि शरीर मिळून आणखी सुमारे ८० चौरस मीटर शोषण होते आणि वेळ सव्वादोन सेकंदांच्या आसपास येतो. जुम्याला शब्द स्पष्ट होतो तो यामुळेच.

अशा जागी आवाज वाढवला की घुमणेही तितकेच वाढते. मागच्या भिंतीवर पडदे किंवा शोषक फळ्या आणि जाड गालिचा यांनी फरक पडतो. स्पीकरही अरुंद उभे कॉलम असावेत, माणसाच्या डोक्यापासून थोडे वर लावून खाली नमाजींकडे वळवलेले. छताकडे किंवा घुमटाकडे आवाज फेकणारा स्पीकर पैसे वाया घालवतो.

शिट्टी का येते?

स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतो, मशीन तो वाढवते, तो पुन्हा स्पीकरमधून येतो आणि शिट्टी सुरू होते. पहिला नियम असा की माईक तोंडाजवळ असावा. अंतर निम्मे केले की ६ डेसिबल फुकट मिळतात. दुसरा नियम, स्पीकर माईकच्या पुढे, म्हणजे श्रोत्यांच्या बाजूला असावेत. मेहराबची गोलाई आवाज एकवटून परत माईकवर टाकते, म्हणून मेहराबच्या अगदी वर स्पीकर टांगू नये. तिसरा नियम, जे माईक वापरात नाहीत ते बंद ठेवावेत. चालू माईकांची संख्या दुप्पट झाली की ३ डेसिबल हातचे जातात. कव्वालीत आठ माईक लावून सगळे उघडे ठेवणारा ऑपरेटर स्वतःच शिट्टीला आमंत्रण देतो. आणि गायकाने माईकची जाळी मुठीत धरली तर त्याला अदबीने सांगावे. जाळी झाकली की एका दिशेचा माईक चारी बाजूंचा आवाज ओढू लागतो.

तारेचा हिशेब

लांब अंतरावर ८ ओहमचा स्पीकर थेट जोडणे ही नेहमीची चूक आहे. १ चौरस मिलिमीटर तांब्याची तार १०० मीटर नेली तर जाऊन-येऊन २०० मीटर होते आणि तिचा विरोध साडेतीन ओहम भरतो. म्हणजे मशीनच्या ताकदीतील सुमारे ३० टक्के भाग तारेतच जळतो. मशीनवर १०० व्होल्टचे टर्मिनल असेल तर लाइन-ट्रान्सफॉर्मर असलेले स्पीकर त्यावर लावावेत. तीच तार ३० वॅटच्या स्पीकरला जेमतेम १ टक्का खाते. सर्व ट्रान्सफॉर्मरवर लावलेल्या वॅटची बेरीज मशीनच्या वॅटपेक्षा एक पंचमांश कमी ठेवावी. मग मशीन तापत नाही.

जिवाशी खेळ नको

"गुंऽऽ" असा आवाज आला की अर्थिंगची पिन तोडून टाकणारे कारीगर आजही आढळतात. आवाज जातो खरा, पण दोष उद्भवला तर लोखंडी माईक हातात धरलेल्या माणसाच्या अंगातून करंट जातो. पावसाळ्यातील मांडवात ओल्या जमिनीवर हा धोका अनेक पटींनी वाढतो. मिक्सर आणि मशीन एकाच बोर्डावरून घ्यावे, तीन पिनची संतुलित केबल वापरावी आणि तरीही गुंजन राहिले तर सिग्नलच्या वाटेवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा. अर्थिंगला मात्र हात लावू नये. ३० मिलिॲम्पिअरचा गळती रोखणारा स्विच मांडवाच्या खर्चाच्या मानाने स्वस्त आहे. एक माणूस गेला तर धंदाही गेला आणि आयुष्यभराची पश्चात्तापाची आग मागे राहिली.

स्वतःच्या कानांचाही विचार करावा. ८५ डेसिबलमध्ये ८ तास हा सावध मर्यादेचा आकडा मानतात. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे उरतात. ऑपरेटरचे कान गेले तर त्याचा हुनर गेला.

कायदा ध्यानात ठेवा

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५, व्यापारी भागात ६५ व ५५, तर शांतता क्षेत्रात ५० व ४० डेसिबल ही मर्यादा आहे. इस्पितळ, शाळा व न्यायालय यांच्या भोवतालचे १०० मीटर शांतता क्षेत्र ठरवता येते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत सभागृहासारखी बंदिस्त जागा सोडली तर बाहेर स्पीकर लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात हे नियम कडकपणे पाळण्यास सांगितले. कारवाई झाली तर सामान आपलेच जप्त होते, गिऱ्हाईकाचे नव्हे. म्हणून ऑर्डर घेतानाच परवान्याची प्रत मागावी. मशिदीची फिटिंग करताना बाहेरच्या भोंग्याची आणि आतल्या स्पीकरची लाइन व स्विच वेगळे ठेवावेत. आत कमी आवाजात शब्द स्पष्ट झाला तर बाहेरच्या भोंग्यावर भार टाकण्याचे कारणच उरत नाही.

खोटे माप

शेवटची गोष्ट सौद्याची. खोक्यावर "५००० वॅट पीएमपीओ" असे छापलेल्या मशीनचे खरे, सतत मिळणारे आरएमएस वॅट कधी शंभरही भरत नाहीत. गिऱ्हाईकाला हा फरक कळत नाही, विकणाऱ्याला कळतो. वजनमापात खोट करणाऱ्यांची निंदा कुरआनात सूरह मुतफ्फिफीनमध्ये आली आहे. वॅट हेही एक मापच आहे. बिलावर आरएमएस वॅट लिहावे, जागा पाहून गरजेपुरतेच सामान सांगावे आणि काम संपल्यावर शेवटच्या सफमध्ये स्वतः बसून ऐकावे. तेथे शब्द पोहोचला तर मजुरी हलाल झाली समजावी. पुढच्या वर्षीची ऑर्डर बहुधा तेथूनच येते.