गिटार वाजवा एकदाच, ॲम्प बदला हवे तितके!

टेक झकास जमला, पण ॲम्पचा आवाज दुसऱ्या दिवशी कानाला खटकला, तर? रीॲम्पिंग असेल तर पुन्हा वाजवायची गरज नाही. वाजवताना गिटारचा कोरा डीआय सिग्नल, म्हणजे ॲम्पशिवाय थेट घेतलेला, रेकॉर्ड करून ठेवायचा आणि नंतर सवडीनं तोच ॲम्पमध्ये सोडून माइकनं टिपायचा. आज मार्शल, उद्या फेंडर, बोटं मात्र त्याच टेकची!

रेकॉर्ड केलेला सिग्नल ॲम्पजोगा करणाऱ्या डब्याला ‘रीॲम्प’ हे नाव मिळालं १९९३ मध्ये. तो बनवला सॅन फ्रान्सिस्कोचे रेकॉर्डिंग इंजिनिअर जॉन क्युनिबर्टी यांनी. गिटारवादक जो सॅट्रिआनीचा ‘सर्फिंग विथ द एलियन’ हा अल्बम त्यांनीच रेकॉर्ड केला होता. पुढे हे नाव कॅनडाच्या रेडियल कंपनीकडे गेलं. तिच्या ‘रीॲम्प जेसीआर’ मॉडेलमधली ‘जेसी’ ही आद्याक्षरं क्युनिबर्टींचीच.

पण साधी केबल लावून का भागत नाही? ऑडिओ इंटरफेसमधून निघतो तो बॅलन्स्ड लाइन सिग्नल. प्रोफेशनल पातळी +४ डीबीयू, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट. ॲम्पला सवय असते गिटारच्या पिकअपची, त्याच्या कितीतरी कमी पातळीची आणि हजारो ओहम इम्पीडन्सची. थेट जोडलं तर आवाज येतो, पण बहुतेकदा फाटका आणि वर घरघर.

इम्पीडन्सची खरी गंमत कळते ती फझ पेडलवर. ‘फझ फेस’ या पेडलचा इनपुट इम्पीडन्स इतका कमी असतो की पिकअपची कॉइल जणू त्याच्या सर्किटचाच भाग होते. म्हणून तर गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की फझ निवळतो. त्याच पेडलला कमी इम्पीडन्सचा सिग्नल दिला की आवाज कर्कश होतो. तेव्हा फझप्रेमींनी डबा निवडताना त्याचा आउटपुट इम्पीडन्स पिकअपच्या जवळ जातो का, हे आधी बघावं. रंग, नाव, किंमत नंतर!

घरात पॅसिव्ह डीआय बॉक्स पडून आहे? तो उलटा जोडता येतो, कारण ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी चालतो. मात्र १२:१ चा ट्रान्सफॉर्मर उलटा लावला की व्होल्टेज तत्त्वतः बारापट होतं, म्हणून फेडर चांगलाच खाली घ्या. ॲक्टिव्ह डीआयवर हा प्रयोग चालत नाही.

माझं मत विचाराल तर बहुतेकांना साधा पॅसिव्ह डबा पुरतो. ट्रान्सफॉर्मर, लेव्हलची एक खुंटी आणि ग्राउंड लिफ्टचा स्विच, एवढं असलं की झालं. आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झच्या घरघरीवर बऱ्याचदा ग्राउंड लिफ्ट कामी येतो. त्यासाठी ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका, जिवावर बेतू शकतं.

डबा कितीही चांगला असला, तरी मूळ रेकॉर्डिंग इन्स्ट्रुमेंट इनपुटमधूनच हवं, साधारण १ मेगाओहमच्या. तिथे वरच्या फ्रीक्वेन्सी गेल्या की गेल्या.

लेव्हल लावायची सोपी रीत: गिटार थेट ॲम्पमध्ये लावून एक रिफ वाजवा, मग तोच रिफ डब्यातून सोडा आणि दोन्ही सारखे लागेपर्यंत खुंटी फिरवा.

आणि फीडबॅक? तो रीॲम्पिंगमध्ये नंतर मिळत नाही. तार थरथरायला जोरात वाजणारा ॲम्प त्याच वेळी समोर लागतो. लांबलचक गुंजणारे सूर हवे असतील, तर डीआय घेतानाच ॲम्प मोठ्यानं चालू ठेवा.