कंधारपासून जंजिऱ्यापर्यंत

परीक्षा संपली की घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. कोणी म्हणते, समुद्र पाहू या. कोणी म्हणते, जुने किल्ले पाहू या. बोलता बोलता गाडी ठरते आणि डब्यात काय न्यायचे तेही ठरते. पण त्या दिवसांत बेटावर जाणारी होडी चालू असते का, ऊन किती असते, परतीची गाडी किती वाजता आहे, हे विचारायचे राहून जाते. मग पैसे खर्च होतात, पाय दुखतात आणि पाहण्यासारखे पाहायचे राहते.

विद्यार्थी मित्रांनो, चांगली सहल घरातच, एका कोऱ्या कागदावर सुरू होते. या कामाला मराठीत 'आखणी' म्हणतात. उर्दूत आपण त्याला 'मन्सूबाबंदी' म्हणतो. आज आपण नांदेड-लातूरच्या मुलांसाठी अशी एक आखणी करू. आधी घराजवळचे पडके किल्ले पाहू आणि मग समुद्रातले एक बेट गाठू.

कधी जावे?

आपल्या मराठवाड्यात मे महिन्यात ऊन फार कडक असते. दगडी तट दुपारी तव्यासारखे तापतात. कोकणात जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस पडतो, समुद्र खवळतो आणि बेटांवर जाणाऱ्या होड्या बंद ठेवतात. म्हणून दिवाळीच्या सुट्टीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. रमजान महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो, तेव्हा तारीख ठरवताना तोही पाहून घ्यावा. रोज्याच्या दिवसांत उन्हातली पायपीट नको.

आधी घराजवळचे पाहा

पोहायला शिकणारा मुलगा एकदम खोल पाण्यात उतरत नाही. तसेच अवशेष पाहण्याचेही आहे. ते कसे पाहायचे हे जवळच्या ठिकाणी शिकावे. त्यात खर्चही कमी येतो आणि संध्याकाळी घरी परत येता येते.

नांदेडपासून सुमारे ५० किलोमीटरवर कंधार आहे. अफगाणिस्तानातल्या कंदाहारशी याची गल्लत करू नका. हे आपले कंधार राष्ट्रकूट राजांच्या काळापासून, म्हणजे हजार वर्षांहून अधिक काळ प्रसिद्ध आहे. गावाजवळचा जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव त्याच काळाची आठवण देतो. कंधारचा किल्ला डोंगरावर नाही. तो सपाट जमिनीवर आहे, म्हणून त्याच्या रक्षणासाठी चारी बाजूंनी रुंद खंदक खणून त्यात पाणी सोडले. अशा किल्ल्याला भुईकोट म्हणतात.

लातूरपासून सुमारे २० किलोमीटरवर औशाचा किल्ला आहे. तो सखल जागी आहे आणि सभोवतालची जमीन उंच आहे. त्यामुळे दुरून येणाऱ्या शत्रूला त्याचा बराचसा भाग दिसतच नसे. उदगीरचा किल्लाही पाहण्यासारखा आहे. १७६० साली मराठे आणि निजाम यांची लढाई उदगीरच्या परिसरात झाली होती. औसा तालुक्यात खरोसा येथे डोंगरात कोरलेली जुनी लेणी आहेत.

किल्ल्यात गेल्यावर नुसते भिंतींसमोर उभे राहून फोटो काढू नका. स्वतःला चार प्रश्न विचारा. पाणी कुठून येत असे? दरवाजाकडे जाणारी वाट सरळ आहे की वळणाची? धान्य आणि दारूगोळा कुठे ठेवत असत? हा दगड मूळचा इथलाच आहे की दुसऱ्या इमारतीतून आणलेला आहे? या चार प्रश्नांची उत्तरे शोधा, म्हणजे पडकी भिंतही बोलू लागते.

तुमच्या हातातली किल्ली

कंधारच्या परिसरात अरबी-फारसी शिलालेख आहेत. उदगीरच्या किल्ल्यातही फारसी शिलालेख आहेत. बहुतेक पर्यटक त्यांच्याकडे नक्षी म्हणून पाहतात आणि पुढे जातात. तुम्ही मात्र उर्दू लिपी वाचता. सगळा मजकूर कळला नाही, तरी एखादे नाव, 'सन' हा शब्द किंवा एखादा अंक तुम्हाला नक्की ओळखता येईल. तो वहीत उतरवून घ्या आणि शाळेत फारसी किंवा अरबी जाणणाऱ्या सरांना दाखवा.

शिलालेखात हिजरी सन असेल तर त्याचे इसवी सन काढण्याची सोपी रीत अशी आहे. हिजरी सनाला तीनने गुणा आणि शंभराने भागा. आलेले उत्तर मूळ सनातून वजा करा. मग त्यात ६२२ मिळवा. उदाहरणार्थ, हिजरी १०४० घ्या. त्याला तीनने गुणून शंभराने भागले की सुमारे ३१ येतात. १०४० मधून ३१ गेले, राहिले १००९. त्यात ६२२ मिळवले की १६३१ होतात. याच वर्षी शाहजहानच्या फौजेने निजामशाहीकडून कंधारचा किल्ला घेतला. एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो, पण काळ समजायला ही रीत पुरेशी आहे.

किल्ल्यापासून बेटाकडे

कंधार निजामशाहीत होते त्या काळात त्या राज्याचा सर्वांत मोठा वजीर मलिक अंबर होता. तो मूळचा हबशाणातला, म्हणजे आजच्या इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा पुढे दख्खनचा नामांकित सेनापती झाला. १६२६ साली तो वारला. त्याच्यासारखेच हबशाणातून आलेले लोक कोकणच्या किनाऱ्यावरही होते. त्यांना सिद्दी म्हणत. रायगड जिल्ह्यात मुरूडजवळ समुद्रातला जंजिरा त्यांच्याच ताब्यात होता. १९४८ साली जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले. म्हणून कंधारनंतर जंजिरा पाहणे म्हणजे एकाच इतिहासाचे दुसरे पान उलटणे होय.

'जंजिरा' हा शब्दही तुमच्या ओळखीचा आहे. अरबी 'जझीरा' म्हणजे बेट. मराठी माणसाच्या तोंडी त्याचा जंजिरा झाला.

प्रवास आणि खर्च

नांदेडहून परभणी, परळी, लातूर, कुर्डुवाडी, पुणे या मार्गाने पनवेलला जाणारी रेल्वेगाडी आहे. ती नांदेड आणि लातूर दोन्हीकडच्या लोकांना सोयीची आहे. पनवेलहून अलिबागमार्गे मुरूडला एस.टी.ने जावे लागते. त्यात जवळजवळ अर्धा दिवस जातो. मुरूडपासून राजपुरी गाव जवळच आहे. तिथून होडी सुटते.

वेळेचा हिशोब नेहमी शेवटाकडून करावा. परतीची गाडी पनवेलहून किती वाजता सुटते, हे आधी लिहा. त्यातून मुरूड-पनवेल प्रवासाचे तास वजा करा आणि वाटेत खोळंबा झाला तर म्हणून आणखी दोन तास सोडा. उरलेल्या वेळात जंजिरा पाहणे बसत नसेल तर एक मुक्काम वाढवा. धावतपळत बेट पाहण्यापेक्षा ते बरे.

खर्चाचे रकाने असे करा : रेल्वे, एस.टी., मुक्काम, जेवण, होडी व तिकिटे, औषधे. सगळ्यांची बेरीज करा आणि तिचा दहावा हिस्सा अडचणीसाठी वेगळा ठेवा. शाळेची सहल असेल तर एस.टी. भाड्यात पन्नास टक्के सवलत मिळते. त्यासाठी मुख्याध्यापकांचे पत्र आगारात वेळेवर द्यावे लागते.

जंजिऱ्यात काय पाहाल?

होडी किल्ल्याच्या अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. तो तटामध्ये अशा खुबीने बांधला आहे. आत शिरण्यापूर्वी सिंहाने पंजात हत्ती पकडल्याचे शिल्प पाहा. आत मोठमोठ्या तोफा आहेत. त्यांतली 'कलाल बांगडी' फार प्रसिद्ध आहे. सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे गोड्या पाण्याचे तलाव. चारी बाजूंना खारट समुद्र आणि मध्ये पिण्याजोगे पाणी! हे पाणी नसते तर बेटावर फौज राहिलीच नसती. तटावरून दूर समुद्रात पद्मदुर्ग दिसतो. जंजिऱ्याच्या सिद्दीला आवर घालण्यासाठी शिवाजी महाराजांनी तो बांधला.

नावाडी किल्ल्यात थोडाच वेळ थांबू देतात. म्हणून काय पाहायचे, त्याची यादी खिशात असू द्या. शुक्रवारी दुपारी जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी साधारणपणे होड्या थांबतात. डोक्याला टोपी किंवा रुमाल आणि जवळ पाण्याची बाटली हवीच.

समुद्राचे घड्याळ

समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. चढते ती भरती, उतरते ती ओहोटी. उर्दूत याला 'मद्दोजझर' म्हणतात. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे जाते, कारण समुद्राचे हे घड्याळ चंद्रावर चालते. कोकणातले कोळी तिथीवरून ही वेळ काढतात. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती असते.

तुमच्या घरात चांदाची तारीख सर्वांना ठाऊक असते. तिच्यात एक मिळवा, म्हणजे साधारण तिथी मिळते. पंधरापेक्षा जास्त आली तर पंधरा वजा करा. समजा चांदाची ७ तारीख आहे. ७ आणि १ मिळून ८. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे. नक्की वेळ तिथल्या कोळ्यांना विचारावी.

ही माहिती केवळ गमतीची नाही. ओहोटीच्या वेळी पुळण लांबच लांब उघडी पडते आणि मुले पुढे पुढे जातात. मग भरती सुरू होते. पहिल्या तासात पाणी हळू चढते, पण मधल्या दोन तासांत ते सर्वांत वेगाने वाढते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल मुरूडला आली होती. समुद्रात उतरलेले चौदा विद्यार्थी बुडून मरण पावले. चौदा घरांत सहलीला गेलेले मूल परत आले नाही. म्हणून आखणीच्या कागदावर ठळक अक्षरांत लिहा : अनोळखी समुद्रात उतरायचे नाही, होडीत लाइफ जॅकेट घालायचे आणि स्थानिक माणूस 'नको' म्हणाला की थांबायचे.

मागे काय ठेवाल?

किल्ल्यांच्या भिंतींवर अनेकांनी आपली नावे कोरली आहेत. त्यांतली काही नावे तर शिलालेखाच्या अक्षरांवरच कोरलेली असतात. ज्या ओळीवरून एखाद्या विस्मृत कारागिराचे किंवा किल्लेदाराचे नाव कळले असते, ती ओळ कायमची जाते. भिंत पुन्हा बांधता येईल, पण मिटलेले अक्षर परत येत नाही. १९५८ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण तुम्हाला कायद्याची भीती कशाला हवी? ती अक्षरे तुम्हाला वाचता येतात. वाचणारानेच ती जपायची.

तेव्हा या सुट्टीत कागद घ्या, पेन्सिल घ्या आणि पहिली ओळ लिहा : 'कंधार. सकाळची पहिली एस.टी.'

स्वाध्याय

१. भुईकोट किल्ल्याला खंदकाची गरज का असते?
२. हिजरी ९०० म्हणजे सुमारे कोणते इसवी सन?
३. चांदाची ११ तारीख असताना पूर्ण भरती साधारण किती वाजता येईल?
४. 'मिटलेले अक्षर परत येत नाही' असे लेखकाने का म्हटले आहे?
५. उपक्रम : तुमच्या गावाजवळच्या एका जुन्या वास्तूच्या सहलीची आखणी करा. वेळ, खर्च आणि चार प्रश्न लिहा.