कोबोलमधला एक पैसा

एप्रिल २०२०. कोरोनामुळे अमेरिकेत लाखो लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या आणि न्यू जर्सी राज्याची बेकारभत्त्याची संगणक यंत्रणा अर्जांच्या ओझ्याखाली दबली होती. तेव्हा गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल येणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर हाक दिली. ती यंत्रणा कोबोल या संगणकभाषेत लिहिलेली होती आणि त्या भाषेची आखणी सुरू झाली १९५९ मध्ये.

एवढा जुना कोड जावासारख्या भाषेत उतरवून का घेत नाहीत? नुसती वाक्यरचना बदलायची असेल तर ते काम यंत्र कधीपासून करतं. १९९०च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये तयार झालेला 'एफटूसी' हा प्रोग्राम फोरट्रानचा कोड आपोआप सीमध्ये उतरवून देत असे. घोडं अडतं ते दुसरीकडे. प्रत्येक भाषेच्या काही सवयी असतात आणि कोडमध्ये त्या कुठेच लिहिलेल्या नसतात.

उणे ७ ला २ ने भागून पूर्णांकात उत्तर मागा. सी आणि जावा उणे ३ सांगतात. पायथनमध्ये '//' वापरलं तर उणे ४ येतं. पहिल्या दोघी अपूर्णांक छाटून टाकतात, पायथन खालच्या पूर्णांकावर उतरते. आपापल्या नियमाने दोन्ही उत्तरं बरोबरच. पण भागाकाराची ओळ नुसतं चिन्ह बदलून पलीकडे नेली, की प्रोग्राम विनातक्रार चालतो आणि उत्तर मात्र बदललेलं असतं. बंद पडणाऱ्या प्रोग्रामपेक्षा मला असा प्रोग्राम जास्त धोक्याचा वाटतो.

पैशाच्या हिशेबात तर हे फारच जपावं लागतं. १,२३४.५६ रुपयांवर साडेतीन टक्के व्याज होतं ४३.२०९६ रुपये. कोबोलमध्ये उत्तरासाठी दोनच दशांश स्थळं राखली असतील आणि 'राउंडेड' हा शब्द लिहिला नसेल, तर पुढचे अंक गळून पडतात आणि खात्यात ४३.२० जमा होतात. जावात लिहिणाऱ्याने जवळचा पैसा धरला तर ४३.२१. फरक एका पैशाचा, पण लाखो खात्यांत तो पडला की ताळेबंद जुळत नाही. शिवाय जावातला 'डबल' हा प्रकार द्विमान पद्धतीने चालतो, त्यात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ नव्हे, तर ०.३०००००००००००००००४ अशी भरते. म्हणून पैशासाठी 'बिगडेसिमल' वापरतात. तिथेही १० भागिले ३ करताना किती अंकांवर, कसं थांबायचं हे सांगितलं नाही, तर उत्तराऐवजी त्रुटीचा संदेश हाती येतो.

तो पैसा मुद्दाम सोडला होता की नजरचुकीने, हे सांगणारा माणूस बहुधा कधीच निवृत्त झालेला असतो. नियमाची एकमेव नोंद म्हणजे तो कोडच.

२०२० मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी 'ट्रान्सकोडर' हे भाषांतर करणारं मॉडेल मांडलं. सी++, जावा आणि पायथन यांच्यात ते कोड फिरवत असे. त्याला गुण देताना केवळ अपेक्षित मजकुराशी साम्य पाहून भागणार नाही, हे त्यांनी ओळखलं. दोन्ही कोडना एकच माहिती देऊन उत्तरं तंतोतंत जुळतात का, हे त्यांनी तपासलं. कसोटी हीच हवी. आजची मॉडेल भराभर कोड लिहितात, तरी या तपासणीतून सुटका नाही. जुनी आणि नवी यंत्रणा काही काळ शेजारी शेजारी चालवायची, तेच व्यवहार दोन्हीकडे घालायचे, पैसा न् पैसा ताडून पाहायचा. जिथे जुळत नाही, तिथे लेखा विभागातल्या जाणत्या माणसाला विचारायचं, हा पैसा सोडायचा की धरायचा?