परक्या ग्रंथीचें कलम

गलगंडाची शस्त्रक्रिया करवून सून नांदेडाहून किंवा छत्रपती संभाजीनगराहून घरीं परत येते. जखम भरून येते, आप्तेष्ट भेटून जातात, आणि मग एके दिवशीं तिच्या ओठांभोंवतीं मुंग्या येऊं लागतात. हाताचीं बोटें आपोआप एकत्र येऊन ताठ होतात. कधीं सर्वांगास आंचके येतात. जिंतूर-गंगाखेडकडील खेड्यांत याला ‘बाहेरचें’ म्हणणारे अजून भेटतील; परभणी शहरांतील शिकलेलीं घरें ‘फीट’ म्हणून अपस्माराच्या गोळ्या सुरू करतील. हीं दोन्ही निदानें चुकीचीं असूं शकतात, आणि ती चूक रुग्णाच्या जिवावर बेतूं शकते. म्हणून आमच्या वाचकांस, विशेषतः घरांतील कर्त्या मंडळींस, हा विषय ठाऊक असावा असें आम्हांस वाटतें.

थायरॉइड ग्रंथीच्या पाठीमागें मसुरीच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, ग्रंथी असतात. त्यांना पॅराथायरॉइड किंवा परावटु म्हणतात. नांवावरून त्या थायरॉइडच्या कुळांतल्या वाटतात, पण शेजार सोडला तर कामाच्या दृष्टीनें दोघींचा संबंध नाहीं. रक्तांतील कॅल्शियम दर १०० मिलिलिटरमागें सुमारें ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम राखणें हें ह्या चिमुकल्या ग्रंथींचें काम. तें घसरूं लागलें कीं त्या हाडांतून कॅल्शियम काढवितात, मूत्रपिंडांस तें वायां घालवूं देत नाहींत, आणि ‘ड’ जीवनसत्त्व कार्यक्षम करवून अन्नांतील कॅल्शियम अधिक शोषून घेववितात. गळ्याच्या शस्त्रक्रियेंत त्या कापल्या गेल्या किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटला कीं ही सारी व्यवस्था कोसळते. पुष्कळदां ती कांहीं आठवड्यांत सांवरते. थोड्या रुग्णांत मात्र ती कायमची बिघडते.

ह्या ग्रंथींचा इतिहास मोठा मौजेचा आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८४९ सालीं एक गेंडा मेला. तो आपल्याच हिंदुस्थानचा. त्याचें विच्छेदन करतांना रिचर्ड ओवेन ह्या शास्त्रज्ञास ही ग्रंथि प्रथम दिसली. मनुष्याच्या शरीरांत ती आहे हें स्वीडनमधील उप्साला येथील ईवार सांडस्ट्रॉम यानें १८८० सालीं प्रसिद्ध केलें. पण १८८९ सालीं तो वारला तोंपर्यंत त्याच्या शोधाची फारशी कदर झाली नव्हती. ग्रंथि काढल्यानें येणाऱ्या आंचक्यांचा कॅल्शियमशीं संबंध १९०९ सालीं मॅकॅलम व फेगट्लिन यांनीं दाखविला. त्याच वर्षीं अमेरिकन शस्त्रवैद्य हॉल्स्टेड यानें कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. कुत्र्याची स्वतःचीच ग्रंथि दुसऱ्या जागीं लावली तर ती जगे. दुसऱ्या कुत्र्याची लावली तर मरे. कलमाची सारी अडचण ह्या एका प्रयोगांत सांपडते.

नेहमींचा उपचार म्हणजे कॅल्शियमच्या गोळ्या आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचें कार्यक्षम रूप, कॅल्सिट्रिऑल. विड्याचा चुना वाढवून हें भागेल असें कोणी सुचवील, त्याचें ऐकूं नये. निर्जळी एकादशीस गोळी चुकवणें हेंही अशा रुग्णास धोक्याचें आहे. सासूबाईंनीं येथें नियम थोडा सैल करावा, देव रागावणार नाहीं. बहुतेकांचें गोळ्यांवर निभतें. पण रोग तीव्र असला तर मूठमूठ गोळ्या घेऊनही पुन्हा पुन्हा शिरेंतून कॅल्शियम द्यावें लागतें. शिवाय मूत्रपिंडांस आवरणारा हुकूमच नसल्यामुळें दिलेलें कॅल्शियम लघवीवाटे वाहून जातें, खडे होतात आणि कालांतरानें मूत्रपिंडें दुबळीं होतात. मोतीबिंदूही लवकर येतो.

अशा रुग्णांसाठीं दुसऱ्याच्या ग्रंथीचें कलम करण्याचा विचार पुढें आला. दाता कोण, हें ऐकून वाचकांस नवल वाटेल. दीर्घकाळ मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांच्या ह्या ग्रंथी कधींकधीं अतोनात वाढतात व काढून टाकाव्या लागतात. एकाची अडगळ ती दुसऱ्याची उणीव भरून काढूं शकते! ग्रंथीचे बारीक तुकडे करून ते रुग्णाच्या पुढच्या हातांतील स्नायूंत रोवतात. मूत्रपिंडाच्या कलमाप्रमाणें रक्तवाहिन्या जोडाव्या लागत नाहींत; आजूबाजूच्या केशवाहिन्या आंत शिरून तुकडे पोसतात. हात निवडण्याचें कारणही व्यवहारी आहे. दोन्ही हातांच्या रक्तांतील संप्रेरक तोलून पाहिलें कीं कलम जगलें कीं नाहीं तें कळतें.

परंतु शरीर परकें ओळखतें. त्यास गप्प बसवणारीं औषधें घेतल्यास जंतुसंसर्ग व कर्करोग यांचा धोका वाढतो, कांहीं औषधें मूत्रपिंडांसही बाधतात; केवळ गोळ्या टाळण्यासाठीं हा सौदा करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. ज्यांनीं मूत्रपिंडाचें कलम पूर्वींच करविलें आहे, त्यांना तीं औषधें चालूच असतात. त्यांच्या बाबतींत गणित बदलतें. पोलंडमध्यें वॉर्सा येथील वैद्यांनीं पेशी आधीं प्रयोगशाळेंत वाढवून, अशा औषधांवांचून त्या रोवल्या. कांहींच्या ठिकाणीं त्या काम करूं लागल्या, पुष्कळांच्या टिकल्या नाहींत. हा उपचार अद्याप थोड्याच केंद्रांत, निवडक रुग्णांवर होतो. आपल्याकडे १९९४ च्या अवयव-प्रत्यारोपण कायद्यांत २०११ सालीं दुरुस्ती होऊन ऊतीही त्याच्या कक्षेंत आल्या आहेत.

कलमाला प्रतिस्पर्धीही उभा राहिला आहे. ग्रंथीचें संप्रेरक इंजेक्शनानें देण्यास अमेरिकेंत २०१५ सालीं संमति मिळाली. तें औषध कंपनीनें २०२४ अखेर बंद केलें, पण त्याच वर्षीं दीर्घकाळ परिणाम टिकणाऱ्या दुसऱ्यास तेथें संमति मिळाली.

गलगंडाची शस्त्रक्रिया ठरली असेल तर घरच्यांनीं आधींच दोन प्रश्न विचारावे: ह्या ग्रंथी जपल्या जातील काय, आणि एखादी चुकून निघालीच तर ती टाकून न देतां त्याच वेळीं रुग्णाच्याच स्नायूंत रोवली जाईल काय? स्वतःच्या ग्रंथीचें कलम शरीर झिडकारीत नाहीं. आणि घरीं परतण्यापूर्वीं रक्तांतील कॅल्शियमचा आंकडा कागदावर मागून घ्यावा.